पाळीतले दुखणे आणि कॅलेंडरवरचे खाडे

वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात गर सोलायला जाणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या घरी, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी कालनिर्णय टांगलेले असते, आणि कोकणातल्या बहुतेक घरांप्रमाणे तीच त्या घराची हिशेबाची वहीसुद्धा असते. दुधाचा रतीब, सिलिंडर आणल्याची तारीख, बचत गटाचा हप्ता, सगळे त्यावरच. त्याच पानावर मावशी लेकीच्या पाळीच्या तारखेला पेन्सिलीने एक बारीक टिंब काढत असे, कारण सणवार आणि देवकार्य आले की तो हिशेब लागतो. आणि बहीण ज्या दिवशी कामाला गेली नाही त्या दिवसावर 'खा' लिहीत असे, कारण खाड्याची मजुरी कापली जाते आणि महिनाअखेरीस वाद नको. दोन्ही नोंदी वर्षानुवर्षे शेजारी शेजारी होत राहिल्या, पण त्या एकत्र कोणी वाचल्या नाहीत. एकदा एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी ती पाने मागवून घेतली आणि त्यांना मिनिटभरात दिसले की दर महिन्याला 'खा' टिंबाच्या एक-दोन दिवस आधीपासून ते दोन दिवस नंतरपर्यंत, एवढ्याच काळात पडतो, आणि जानेवारीत दोन असलेले खाडे ऑक्टोबरपर्यंत चार झाले आहेत.

त्यावरून त्यांना ज्या आजाराचा संशय आला त्याचे नाव एंडोमेट्रिओसिस. नाव अवघड असले तरी आजार दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना तो आहे. एखाद्या वाडीत त्या वयाच्या पन्नास जणी असतील, तर त्यांतल्या चार-पाच जणींना तो असू शकतो. तरीही लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत साधारण ४ ते १२ वर्षे जातात, आणि त्याला तपासणीची अडचण जितकी कारणीभूत आहे तितकेच, माझ्या मते, हे दुखणे सांगण्यातले आणि ऐकण्यातले अपुरेपणही कारणीभूत आहे.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. गर्भाशयाला आतून एक अस्तर असते. दर महिन्याला इस्ट्रोजेन नावाच्या संप्रेरकामुळे ते जाड होते आणि गर्भ राहिला नाही की सुटून पाळीच्या रक्तावाटे बाहेर पडते. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारखेच पेशींचे थर गर्भाशयाच्या बाहेर रुजतात: अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेत, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. तेही संप्रेरकांना प्रतिसाद देतात, वाढतात, त्यांतूनही रक्त पाझरते. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. पागोळ्यांचे पाणी अंगणातून वाहून पऱ्ह्याला गेले तर काही बिघडत नाही, मात्र तेच पाणी जांभ्याच्या भिंतीत मुरत राहिले की भिंत आतून खराब होते, तसाच हा प्रकार आहे. त्या जागी दाह होतो, व्रण धरतो आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटू लागतात. फणस चिरताना हाताला तेल लावायचे राहिले की चिकाने बोटाला बोट चिकटते. पोटात अशी चिकटण झाली की एरवी एकमेकांवरून सहज सरकणारे अवयव प्रत्येक हालचालीला ओढले जातात. अंडाशयात हे रक्त साठून गाठ झाली तर आत काकवीसारखे दाट, तपकिरी द्रव्य असते. तिलाच डॉक्टर 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर हे शब्द वाचून घाबरून जाऊ नये. ही गाठ कर्करोगाची नव्हे.

हे का होते याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. अमेरिकन डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली असे मांडले की पाळीचे काही रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. हे मत आजही महत्त्वाचे मानले जाते, परंतु असे उलटे रक्त बहुतेक स्त्रियांच्या पोटात थोडेफार जातेच, आणि आजार मात्र काही जणींनाच होतो. म्हणजे आनुवंशिकता आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा यांचाही त्यात वाटा असला पाहिजे. पाळीत आंबट खाल्ले, डोक्यावरून न्हाली, विहिरीचे पाणी ओढले, म्हणून हा आजार होत नाही. आई किंवा सख्ख्या बहिणीला असेल तर शक्यता वाढते. म्हणून "मलाही अस्सेच व्हायचे" हे आईचे वाक्य, जे आपल्याकडे मुलीला धीर देण्यासाठी म्हटले जाते, ते खरे तर डॉक्टरांना सांगण्याजोगी माहिती आहे.

आता मुख्य प्रश्न असा की पाळीत थोडेफार दुखते ते सर्वांनाच, मग वेगळे काय ओळखायचे? साधारण दुखणे रक्तस्राव सुरू होण्याच्या सुमारास सुरू होते, पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असते, शेक किंवा वेदनाशामक गोळीने आवाक्यात येते आणि बाई कुरकुरत का होईना, पण कामाला लागते. एंडोमेट्रिओसिसचे दुखणे बहुधा पाळीच्या आधीच हजर होते, पाळीबरोबर वाढते, पुढेही रेंगाळते आणि वर्षागणिक चढत जाते. गोळीचा असर कमी होऊ लागतो, आणि काही वर्षांनी पाळी नसतानाही ओटीपोटात आणि कंबरेत ठसठस राहते. दुखणे सोसवते की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो, कारण कोकणातली बाई लावणीच्या चिखलात दिवसभर वाकून उभी राहते आणि तिच्या सोसण्याला कसली मर्यादाच नाही असे सगळे धरून चालतात. विचारायला हवे ते हे की दुखण्यामुळे काय बंद पडले. शाळा बुडते का, खाडा पडतो का, एसटीत उभे राहून प्रवास करणे टाळावे लागते का, रात्री झोपेतून जाग येते का?

काही लक्षणे अशी आहेत की ती पाळीशी जोडली जातच नाहीत. पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना आतून सुरी फिरल्यासारखी कळ येते, पोट फुगते, कधी जुलाब तर कधी मलावरोध होतो, आणि बाई वर्षभर 'गॅस'ची औषधे घेत राहते. लघवीला जळजळ किंवा दुखणे होते, तपासणीत जंतुसंसर्ग सापडत नाही, तरी दर महिन्याला तोच त्रास. संबंधाच्या वेळी किंवा त्यानंतर आत खोलवर दुखते. पाळीच्या आसपास इतका थकवा येतो की हात उचलवत नाही, आणि तो 'रक्त कमी असेल' या खात्यात जमा होतो. अर्थात रक्त खरोखरही कमी असू शकते, कारण अंगावरून जास्त जाणे हेही काही जणींत आढळते. क्वचित सिझेरियनच्या टाक्यांजवळ गाठ येते आणि ती पाळीतच दुखते, किंवा दर पाळीला उजवा खांदा दुखतो. या सगळ्यांत शोधण्याची खूण एकच, ती म्हणजे पाळीच्या चक्राबरोबर येणे आणि जाणे. आजार पुष्कळ पसरलेला असूनही काहीच न दुखणाऱ्या स्त्रिया असतात आणि लहानशा ठिपक्यांनी हैराण होणाऱ्याही असतात. म्हणून दुखण्यावरून आजाराचा विस्तार मोजता येत नाही आणि विस्तारावरून दुखणे खोटे ठरवता येत नाही.

मूल न राहणे हे आणखी एक लक्षण, आणि आपल्याकडे बहुधा तेच पहिल्यांदा डॉक्टरांपर्यंत पोहोचते. हे मला खटकते. मुलगी चौदाव्या वर्षापासून गुडघे पोटाशी घेऊन पडत असते तेव्हा "सगळ्यांकाच दुखता, गप रव" किंवा "लगीन झालां काय सगळां बरां होतला" एवढ्यावर विषय संपतो, आणि लग्नाला दोन वर्षे होऊन पाळणा हलला नाही की मात्र कोल्हापूर, गोवा, मुंबई सगळीकडची दारे ठोठावली जातात. लग्नाने हा आजार बरा होत नाही. गरोदरपणात पाळी थांबल्याने काही जणींना तात्पुरता आराम पडतो, पण ते औषध नव्हे, आणि केवळ उपचार म्हणून मूल होऊ द्या असा सल्ला देऊ नये असे युरोपीय तज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेतही म्हटले आहे. एंडोमेट्रिओसिस असलेल्या अनेक स्त्रियांना मुले होतात, हेही तितकेच खरे.

डॉक्टरांसमोर काय घडते ते पाहण्यासारखे आहे. ओपीडीत गर्दी असते, बाहेरच्या बाकावर वीस जणी बसलेल्या असतात, आणि प्रश्न येतो, "पाळी नियमित आहे का?" उत्तर येते, "हो." पुढचा प्रश्न बहुधा येत नाही, आणि आपल्यालाही वाटते की उत्तर दिले. वास्तविक एंडोमेट्रिओसिसमध्ये पाळी घड्याळासारखी नियमित असू शकते. नियमितपणा ही दुखण्याविषयीची माहितीच नव्हे. त्यातच आपली भाषा आड येते. पोटात दुखते, कंबर धरते, अडचण आहे, एवढ्या तीन शब्दांत सगळे आटोपण्याची सवय असल्यामुळे जठर, आतडे, मूत्रपिंड, गर्भाशय यांपैकी कशाबद्दल बोलणे चालले आहे हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग राहत नाही. शौचाचे आणि संबंधाचे दुखणे तर सासू किंवा भाऊ शेजारी उभा असताना तोंडातून निघणे अशक्यच. आणि निदानाच्या दृष्टीने नेमक्या त्याच दोन गोष्टी मोलाच्या असतात.

म्हणून जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून न्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. दोन-तीन महिन्यांची कॅलेंडरची पाने असली तर उत्तमच: पाळीचा दिवस, दुखण्याचे दिवस, शून्य ते दहापैकी किती दुखले तो आकडा, घेतलेल्या गोळ्या आणि बुडालेले काम. पाळी कितव्या वर्षी सुरू झाली, दुखणे कधीपासून वाढले, दिवसाला किती पॅड लागतात, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, घरात आणखी कोणाला असे होते का, हेही लिहावे. गोळ्यांची नावे आठवत नसतील तर रिकाम्या पट्ट्या पिशवीत टाकाव्यात. बोलायची सुरुवात साधारण अशी करता येते: "डॉक्टर, पाळीच्या दोन दिवस आधीपासून ओटीपोटात कळा येतात, त्या चार-पाच दिवस राहतात, दोन वर्षांत हे वाढले आहे, महिन्याला तीन खाडे पडतात आणि पाळीत शौचाला बसताना फार दुखते. हे एंडोमेट्रिओसिस असू शकते का?" शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, डॉक्टरांना शिकवल्यासारखे वाटते, पण तो विचारल्याने डॉक्टरांना नेमका विचार करावा लागतो, आणि चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही. लिहिलेला कागद सरळ पुढे केला तरी चालतो. सोबतच्या माणसांसमोर बोलायचे नसेल तर "दोन मिनिटे एकटीने बोलायचे आहे" असे आत गेल्यावर किंवा आधी सिस्टरांना सांगावे. तो आपला हक्क आहे.

तपासणीबद्दल अविवाहित मुलींच्या आयांना मोठी धास्ती असते. आतून तपासणी करायची की नाही हे मुलीच्या संमतीवर अवलंबून असते, ती नाकारता येते, आणि केलीच तर खोलीत स्त्री कर्मचारी असावी असे म्हणता येते. सोनोग्राफी पोटावरूनही होते. त्यासाठी मूत्राशय भरलेले लागते, आणि घाटातल्या वळणांवर एसटी हेलकावे खात असताना ते किती सोपे असते हे जिने केले तिलाच ठाऊक. त्यामुळे पाणी सेंटरवर पोहोचल्यावर प्यावे. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत खोलवरचा आजार अधिक स्पष्ट दिसतो, आणि तिला उलट मूत्राशय रिकामे लागते. गरजेनुसार एमआरआय सांगितला जातो. चिठ्ठीवर नुसते 'पोटाची सोनोग्राफी' न लिहिता एंडोमेट्रिओसिसचा संशय असल्याचे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, कारण काय शोधायचे ते ठाऊक असले की तपासणारा त्या जागा मुद्दाम पाहतो.

आणि रिपोर्ट 'नॉर्मल' आला तर? ओटीपोटाच्या पडद्यावरचे वरवरचे ठिपके सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत. त्यामुळे नॉर्मल सोनोग्राफीने चॉकलेट सिस्ट नाही एवढे समजते. आजार नाही असे सिद्ध होत नाही. पूर्वी दुर्बिणीतून पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्के मानत नसत. आता लक्षणे आणि तपासण्यांवरून आधी औषध सुरू करावे, आणि गरज पडली तरच दुर्बीण वापरावी, अशी दिशा आहे. सीए-१२५ ही रक्तचाचणी या निदानासाठी भरवशाची नाही. ती इतर अनेक कारणांनी वाढते आणि नाहक कर्करोगाची भीती घालते. जननमार्गाचा क्षयरोग, गाठी, जंतुसंसर्ग यांचीही लक्षणे काहीशी अशीच असतात, तेव्हा डॉक्टर त्या दिशेनेही पाहतील, आणि ते योग्यच आहे. सर्व रिपोर्ट आणि फिल्म एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवल्या की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या मोठ्या रुग्णालयात जाताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मधेच एक इशारा. अचानक असह्य कळ, ताप, चक्कर येऊन पडणे, दर तासाला पॅड भिजणे, किंवा पाळी चुकलेली असताना पोटात तीव्र दुखणे, यांतले काहीही झाले तर कागद आणि कॅलेंडर बाजूला ठेवून त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

उपचारांत पहिली पायरी वेदनाशामकांची. मेडिकलमधून मेफेनॅमिक ॲसिडची पट्टी आणून महिनोन्‌महिने उपाशीपोटी घेण्याची पद्धत मात्र धोक्याची आहे. पोटात व्रण आणि मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, आणि या औषधाने क्वचित ताप व अंगावर पुरळ येऊन गंभीर प्रतिक्रिया होते, अशी सूचना भारतीय औषधसंहिता आयोगानेही २०२३ च्या अखेरीस दिली आहे. पुढची पायरी संप्रेरकांची: गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्टसारखी प्रोजेस्टेरॉन वर्गातील गोळी, किंवा गर्भाशयात बसवायची संप्रेरकयुक्त तांबी. यांनी आजार मुळापासून जात नाही, पण त्याची वाढ रोखली जाते आणि दुखणे कमी होते. मधेच थोडे रक्त दिसणे, डोके दुखणे, उदास वाटणे असे त्रास होऊ शकतात, तेव्हा ते आधीच विचारून घ्यावेत. हे उपचार चालू असताना सहसा गर्भ राहत नाही. मूल हवे असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे, कारण मग वाट वेगळी असते.

'हार्मोनची गोळी' म्हटले की घरात कपाळाला आठ्या पडतात. इथे मला गणपतीची आठवण होते. भाद्रपद जवळ आला की कोकणातल्या मेडिकल दुकानांत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी वाढते, आणि त्या घरातली वडीलधारी मंडळीच आणून देतात. ती गोळी नॉरएथिस्टेरॉनची असते, म्हणजे एंडोमेट्रिओसिसवर वापरल्या जाणाऱ्या औषधांच्याच वर्गातली. देव घरात असताना पाळी नको म्हणून डॉक्टरांना न विचारता चालणारे औषध, दुखणे नको म्हणून डॉक्टरांनी लिहून दिले की एकाएकी भयंकर का ठरते, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. गोळी घेतलेल्या महिन्यात आणि ती बंद केल्यावर आलेल्या पाळीत दुखण्यात काय फरक पडला, हेसुद्धा डॉक्टरांना सांगण्याजोगे असते. रक्तात गुठळी होण्याचा पूर्वइतिहास असलेल्यांनी तर ती परस्पर घेऊच नये.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. ठिपके काढले जातात, चिकटण सोडवली जाते. आजार पुन्हा उद्भवू शकतो, आणि अंडाशयावरची गाठ काढताना बीजांचा साठा कमी होऊ शकतो, म्हणून शस्त्रक्रियेचा हेतू, पर्याय आणि आतड्यावर आजार निघाल्यास काय करणार, हे आधी विचारावे. 'पिशवीच काढून टाकू' या सल्ल्याला घाईने होकार देऊ नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तो याच घाईविषयी होता. शिवाय आजार मुळात गर्भाशयाच्या बाहेर असतो, त्यामुळे पिशवी काढूनही दुखणे राहू शकते.

मावसबहिणीच्या सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट निघाली. डॉक्टरांनी रोज एक गोळी सुरू केली आणि दर तीन महिन्यांनी कॅलेंडर घेऊन यायला सांगितले. पहिले दोन महिने अधूनमधून डाग दिसत राहिले, तेव्हा मावशी गोळी बंद करायला निघाली होती. बहिणीने ती बंद न करता डॉक्टरांना फोन केला. आता टिंबे जवळजवळ थांबली आहेत, कारण पाळीच थांबलेली आहे, आणि मावशीला पानावर काय लिहावे ते सुचत नाही. या पावसाळ्यातल्या तीन पानांवर 'खा' दोनदाच आहे. त्यांपैकी एक तिरफळे काढायला आजोळी गेल्याचा आहे. दुसऱ्या 'खा'च्या दिवशी मात्र खरोखर दुखले होते, आणि त्याच्यापुढे तिने कंसात 'सहा' असा आकडा घातला आहे.